पुढच्या वर्षी बघू!

बेसबॉल आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाही, आणि पाहतही नाही. अमेरिकन चित्रपटात एखादा बाप आपल्या मुलाला भला मोठा चामडी हातमोजा घालून चेंडू झेलायला शिकवताना दिसतो, तेवढाच काय तो आपला परिचय. मग या खेळातल्या एका संघाची हकीकत आज मी आपल्यापुढे का मांडावी, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगतो.

आपल्याकडेही आता क्रिकेटचे संघ मालकांचे झाले आहेत. खेळाडूंचा लिलाव होतो, किमती वर्तमानपत्रात छापून येतात. यावर एकदा महाविद्यालयात तास संपल्यानंतर गप्पा चालल्या होत्या. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, उद्या मालकाच्या मनात आले आणि त्याने मुंबईचा संघ उचलून भलत्याच गावी नेला, तर मुंबईकरांनी काय करायचे?" बाकीची मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. कारण असे खरोखर घडलेले आहे, आणि ज्या गावात ते घडले त्या गावातली म्हातारी माणसे त्याची आठवण पुढे आयुष्यभर काढीत राहिली. त्या गावाचे नाव ब्रुकलिन, आणि संघाचे नाव डॉजर्स. त्या संघाच्या इतिहासातले काही प्रसंग मी सांगणार आहे. संघ कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळते का, ते आपणच पाहावे.

गोष्टीला हात घालण्यापूर्वी खेळ थोडासा समजून घेऊ. मैदानाच्या एका कोपऱ्यात फलंदाज उभा असतो. सुमारे साठ फुटांवरून प्रतिपक्षाचा पिचर त्याच्याकडे चेंडू फेकतो. चेंडू टप्पा घेत नाही, थेट अंगावर येतो. फलंदाजाच्या पाठीमागे कॅचर उकिडवा बसलेला असतो, आपला यष्टिरक्षकच म्हणा ना. योग्य जागेतून आलेला चेंडू फलंदाजाने सोडला, किंवा बॅट फिरवूनही तो चुकला, तर एक 'स्ट्राइक'. असे तीन झाले की फलंदाज बाद. चेंडू नीट बसला, तर बॅट टाकून पळायचे. नव्वद-नव्वद फुटांवर तीन ठाणी असतात, त्यांना बेस म्हणतात. ती तिन्ही ओलांडून मूळ जागी परत आले की एक धाव. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर तो होम रन, आपल्या षटकारासारखा. मग फलंदाज आणि बेसवर उभे असलेले त्याचे सगळे साथी डौलात घरी येतात. तिघे बाद झाले की पाळी संपली. दोन्ही बाजूंच्या अशा नऊ-नऊ पाळ्या. अमेरिकेत दोन मोठ्या लीग आहेत. दोन्हींचे विजेते वर्षाअखेरीस एकमेकांशी भिडतात, त्या लढतीला वर्ल्ड सीरिज म्हणतात. सातपैकी चार सामने जिंकणारा संघ अजिंक्य. एवढे लक्षात ठेवले तरी पुढची गोष्ट कळायला पुरे.

आता ब्रुकलिन. आज तो न्यूयॉर्क शहराचा एक भाग आहे. पण १८९८ सालाच्या पहिल्या दिवसापर्यंत ते एक स्वतंत्र शहर होते. न्यूयॉर्कात विलीन झाले तरी त्याचा वेगळेपणाचा अभिमान गेला नाही. नदीपलीकडे मॅनहॅटन, तिथे उंच इमारती, पेढ्या, नाटकगृहे. अलीकडे ब्रुकलिनमध्ये गोदीतले कामगार, छोटे दुकानदार, इटलीहून, आयर्लंडहून, पूर्व युरोपातून आलेली ज्यू कुटुंबे, आणि दक्षिणेतून आलेले काळे लोक. विजेच्या ट्रॅमगाड्या सुरू झाल्या तेव्हा ब्रुकलिनच्या रस्त्यांवर त्यांची इतकी गर्दी झाली की लोकांना त्या चुकवीत चुकवीत चालावे लागे. म्हणून तिथल्या संघाला नाव पडले 'ट्रॉली डॉजर्स', म्हणजे ट्रॅम चुकवणारे. पुढे ट्रॅम गळाली आणि चुकवणारे तेवढे उरले.

या संघाचे घर म्हणजे एबेट्स फील्ड हे मैदान. ते १९१३ साली बांधले गेले. मैदान लहान. जेमतेम तीस-बत्तीस हजार माणसे मावत. पण लहान असल्यामुळेच प्रेक्षक खेळाडूच्या इतके जवळ बसत की त्याला नावाने हाक मारावी आणि त्याने मान वळवून बघावे. सामना हरला तर लोक आपल्याच खेळाडूंना शिव्या देत, 'भिकारडे' म्हणत. एका व्यंगचित्रकाराने तर फाटक्या कपड्यातला एक भिकारी काढून तोच संघाचे प्रतीक करून टाकला. पण बाहेरच्या माणसाने तो शब्द उच्चारायची सोय नव्हती. घरच्याने घरच्याला काही म्हणावे, परक्याने नाही!

हे लोक रागावत, कारण संघ हरे. १९१६ साली वर्ल्ड सीरिज हरला, १९२० साली हरला, आणि मग वीस वर्षे तिथवर पोहोचलाच नाही. पोहोचला तो १९४१ साली. समोर न्यूयॉर्कचाच यांकीज संघ, श्रीमंत, कसलेला, जिंकायची सवय झालेला.

५ ऑक्टोबर १९४१. मैदान एबेट्स फील्ड. चौथा सामना, शेवटची पाळी. ब्रुकलिन ४–३ असे पुढे, यांकीजचे दोघे बाद, आणि तिसऱ्याचे दोन स्ट्राइक झालेले. ह्यू केसीने चेंडू टाकला, फलंदाज टॉमी हेन्रिकने बॅट फिरवली आणि तो चुकला. तिसरा स्ट्राइक. सामना संपला! लोक उठून उभे राहिले. पण बेसबॉलमध्ये एक मेख आहे. तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरच्या हातात राहिला पाहिजे. तो निसटला, तर अशा वेळी फलंदाजाला पळायची मुभा असते. कॅचर मिकी ओवेनच्या मोज्यातून तो चेंडू निसटला आणि मागे घरंगळत गेला. हेन्रिक पळाला आणि पहिल्या बेसवर पोहोचला. संपलेला सामना पुन्हा सुरू झाला. यांकीजनी त्याच पाळीत चार धावा काढल्या आणि ७–४ असा सामना नेला. दुसऱ्या दिवशी मालिकाही गेली.

बिचारा ओवेन! तो चांगला कॅचर होता, पण पुढे जन्मभर त्याची ओळख त्या एका निसटलेल्या चेंडूने झाली. ब्रुकलिनमध्ये मात्र एक वाक्य लोकांच्या तोंडी बसले. त्याचा मराठीत भाव असा की, 'थांबा, पुढच्या वर्षी बघू!' दुकानात, ट्रॅममध्ये, शाळेत, हंगाम संपला की हेच. आपल्याकडे नापास झालेल्या मुलाला आजी म्हणते ना, तसे. त्यात थोडी थट्टा, थोडे दुःख आणि बरीचशी जिद्द.

यानंतरचा प्रसंग खेळाच्या हारजितीपेक्षा मोठा आहे. तो जरा सविस्तर सांगितला पाहिजे.

त्या काळी अमेरिकेतल्या या मोठ्या लीगमध्ये काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. कोणत्याही नियमपुस्तकात तसे लिहिलेले नव्हते. पण सुमारे साठ वर्षे हा अलिखित नियम सगळे मालक निमूटपणे पाळीत होते. काळ्यांच्या वेगळ्या लीग होत्या. त्यांत एकाहून एक सरस खेळाडू होते, आणि ते हलक्या मोबदल्यावर बसगाड्यांतून गावोगाव हिंडत. डॉजर्सचा कारभार पाहणारे ब्रँच रिकी यांनी हा नियम मोडायचे ठरवले. रिकी मोठे धार्मिक वृत्तीचे गृहस्थ, आणि तितकेच व्यवहारी. चांगले खेळाडू मिळतील, संघ जिंकेल, तिकिटे खपतील, हा हिशेबही त्यांच्या डोक्यात होता. पण हिशेब तर सगळ्याच मालकांना कळत होता. पाऊल टाकले एकट्या रिकींनी.

त्यांनी निवडलेला तरुण म्हणजे जॅकी रॉबिन्सन. जन्म १९१९ सालचा, जॉर्जियातला. तो कॅलिफोर्नियात वाढला आणि तिथल्या विद्यापीठात चार-चार खेळांत चमकला. सैन्यात लेफ्टनंट असताना १९४४ साली एका बसमध्ये त्याला मागे जाऊन बसायला सांगण्यात आले. त्याने नकार दिला. त्यावरून त्याच्यावर लष्करी खटला भरला गेला आणि त्यातून तो निर्दोष सुटला. असा हा तापट, स्वाभिमानी माणूस. २८ ऑगस्ट १९४५ रोजी रिकींनी त्याला ब्रुकलिनच्या कचेरीत बोलावले आणि त्याची परीक्षा घेतली. पुढे त्याला जी शिवीगाळ ऐकावी लागणार होती, ती रिकी स्वतःच त्याच्या तोंडावर बोलून दाखवू लागले. हॉटेलात जागा नाकारणारा कारकून, अंगावर धावून येणारा खेळाडू, अशी एकेक सोंगे त्यांनी वठवली. त्यांचे म्हणणे एवढेच की उलटून हात उगारायचा नाही, उलट शब्द बोलायचा नाही. मला असा माणूस हवा आहे, की जो प्रतिकार न करण्याइतका धीट आहे. रॉबिन्सनने कबूल केले.

एक वर्ष त्याला मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात खेळवले. १९४७ च्या वसंतात तो डॉजर्समध्ये यायचा, तेव्हा संघातल्याच काही खेळाडूंनी विरोधाचा अर्ज तयार केला. तेव्हाचे प्रशिक्षक लिओ ड्युरोशर यांनी रात्री सगळ्यांना गोळा केले आणि खडसावले, की ज्याला त्याच्याबरोबर खेळायचे नसेल त्याने चालू लागावे. अर्ज तिथेच विरला.

१५ एप्रिल १९४७, एबेट्स फील्ड. सुमारे सव्वीस हजार प्रेक्षक, त्यांत निम्म्याहून अधिक काळे. पाठीवर ४२ हा आकडा घातलेला रॉबिन्सन मैदानात उतरला. त्या दिवशी त्याला एकही चांगला फटका साधला नाही. तरी तो एकदा बेसवर पोहोचला, पुढे धाव पूर्ण केली, आणि ब्रुकलिन ५–३ जिंकले. धावफलकावर एवढीच नोंद. पण साठ वर्षांचे दार त्या दिवशी उघडले.

दार उघडले म्हणजे घरात मान मिळतो असे नाही. थोड्याच दिवसांत फिलाडेल्फियाचा संघ आला. त्या संघाचा व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू समोरच्या बाकावरून रॉबिन्सनला अत्यंत गलिच्छ शिव्या देत राहिले. रॉबिन्सनने पुढे लिहिले आहे, की त्या दिवशी आपला तोल जाता जाता राहिला. तो गप्प राहिला. परिणाम मात्र उलटा झाला. जे सोबती आतापर्यंत त्याच्याशी तुटक वागत होते, त्यांनाच ते असह्य झाले आणि तेच प्रतिपक्षावर ओरडू लागले. रिकी पुढे म्हणत, की या शिव्यांनी आमचा संघ एक केला.

पुढे संघनायक झालेला पी वी रीस हा दक्षिणेतल्या केंटकीचा गोरा तरुण. परगावच्या एका मैदानावर प्रेक्षक रॉबिन्सनला वाटेल ते बोलत असता रीस आपली जागा सोडून त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. हे १९४७ साली सिनसिनाटीला घडले की १९४८ साली बोस्टनला, यावर जुन्या लोकांत वाद आहे. पण ब्रुकलिनने ती आठवण जपली. २००५ साली तिथे या दोघांचा तसाच पुतळा उभारला गेला.

आपल्याला हे समजायला फार लांब जावे लागत नाही. पळवणकर बाळू हे हिंदू संघाचे मोठे गोलंदाज. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मले म्हणून पुण्यात त्यांच्या हातचा चेंडू चाले आणि चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या भांड्यात दिला जाई. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले. मैदानावर माणूस हवा आणि पंक्तीला नको, ही रीत दोन्हीकडची.

रॉबिन्सनने त्या पहिल्याच वर्षी २९ वेळा बेस चोरला. बेस चोरणे म्हणजे पिचरचे लक्ष चुकवून पुढच्या ठाण्यावर धाव घेणे. लीगमध्ये हा आकडा सर्वांत मोठा होता. वर्षातला उत्तम नवा खेळाडू म्हणून त्यालाच मान मिळाला, आणि १९४९ साली तो लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. तरी प्रत्येक संघात काळा खेळाडू यायला १९५९ साल उजाडावे लागले.

संघ आता बलाढ्य झाला होता. पण नशीब? ते जुनेच. १९४७ आणि १९४९ साली वर्ल्ड सीरिज गेली, दोन्ही वेळा यांकीजकडे. १९५१ साली तर कहर झाला. ऑगस्टमध्ये डॉजर्स आपल्या प्रतिस्पर्ध्यांच्या, न्यूयॉर्क जायंट्सच्या, साडेतेरा सामने पुढे होते. लोकांनी पेढे वाटायचेच बाकी होते. मग जायंट्स जिंकत सुटले आणि हंगामाच्या अखेरीस दोघे बरोबरीत राहिले. तीन सामन्यांची निर्णायक लढत ठरली. ३ ऑक्टोबरला तिसऱ्या सामन्यात शेवटच्या पाळीला डॉजर्स ४–१ पुढे. जायंट्सनी एक धाव काढली, दोघे जण बेसवर पोहोचले. डॉजर्सनी थकलेला पिचर बदलून राल्फ ब्रँकाला आणले. त्याच्या दुसऱ्याच चेंडूवर बॉबी थॉमसनने डाव्या कुंपणापलीकडे होम रन मारला. ५–४. संपले!

त्या क्षणी रेडिओवरचा समालोचक रस हॉजेस भान विसरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडत राहिला, की जायंट्सनी लीग जिंकली. घरी बसलेल्या एका शौकिनाने ते टेपवर घेऊन ठेवले म्हणून तो आवाज आज ऐकू येतो. पुढे पन्नास वर्षांनी, २००१ साली, एका वर्तमानपत्राने उघडकीस आणले, की त्या हंगामात जायंट्स मैदानाच्या टोकाच्या खोलीतून दुर्बीण लावून प्रतिपक्षाच्या कॅचरच्या खुणा चोरीत होते. तोपर्यंत ब्रँका आणि थॉमसन म्हातारे झाले होते, आणि गंमत अशी की एकमेकांचे मित्रही झाले होते.

१९५२ आणि १९५३ या दोन्ही साली पुन्हा वर्ल्ड सीरिज, पुन्हा यांकीज, पुन्हा हार. एकूण सात वेळा हरून झाले होते. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारी मुले बाप झाली होती आणि आपल्या मुलांना तेच सांगत होती.

आणि मग ४ ऑक्टोबर १९५५ हा दिवस आला. मालिका ३–३. सातवा सामना यांकीजच्या मैदानावर. डॉजर्सनी चेंडू दिला जॉनी पोड्रेस या पोराच्या हाती. पोरच ते, चारच दिवसांपूर्वी तेवीस वर्षांचा झालेला. गिल हॉजेसच्या फलंदाजीवर डॉजर्सच्या दोन धावा झाल्या. सहाव्या पाळीत यांकीजचे दोघे बेसवर, बाद कोणी नाही, आणि फलंदाजीला योगी बेरा. हे 'योगी' नाव आपल्याकडचेच बरं का! तरुणपणी हा मांडी घालून बसला असता, चित्रपटात पाहिलेला हिंदुस्थानातला योगी असाच बसतो, असे मित्राला वाटले आणि त्याने ते नाव ठेवले.

बेराने चेंडू उंच उडवला, तो अगदी डाव्या टोकाला, सीमारेषेजवळ. तिथे त्याच पाळीत आणून उभा केलेला क्यूबाचा सँडी आमोरोस होता. तो डावखुरा, म्हणून त्याचा मोजा उजव्या हातात. तो जीव तोडून धावला, उजवा हात लांबवला आणि चेंडू मोज्यात विसावला. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा मोजा डाव्या हातात असतो. त्याला तो झेल मिळताच ना, असे जाणकार म्हणतात. झेल सुटणार असे समजून यांकीजचा माणूस पहिल्या बेसवरून केव्हाच निघाला होता. आमोरोसने रीसकडे फेकले, रीसने हॉजेसकडे, आणि तोही बाद. दोन चेंडूफेकींत सामन्याचा जीव वाचला.

शेवटचा चेंडू जमिनीवरून सरपटत आला तो रीसकडेच. १९४१ पासून पाचही पराभव पाहिलेल्या रीसने तो हॉजेसकडे फेकला. २–० असा सामना जिंकला. दूरचित्रवाणीवर तेव्हा विन स्कली नावाचा तरुण समालोचक होता. ब्रुकलिन डॉजर्स अजिंक्य झाले, एवढे एकच वाक्य तो बोलला आणि गप्प बसला. पुढे लोकांनी विचारले, की इतका शांत कसा राहिलास? तेव्हा तो म्हणाला, आणखी एक शब्द बोललो असतो तर रडू कोसळले असते.

ब्रुकलिनच्या रस्त्यांवर त्या रात्री कोण कोणाला मिठी मारीत होते याचा हिशेब राहिला नाही. 'पुढचे वर्ष' एकदाचे आले होते.

ते एकदाच आले. इथून गोष्टीला वेगळे वळण लागते.

संघाचे मालक होते वॉल्टर ओमॅली. मैदान जुने झाले होते, गाड्या उभ्या करायला जेमतेम सातशेंची जागा, आणि प्रेक्षक शहर सोडून दूरच्या उपनगरांत राहायला जात होते. ओमॅलींना ब्रुकलिनच्याच मध्यभागी नवे मैदान बांधायचे होते. त्यासाठी लागणारी जमीन शहराने मिळवून द्यावी, अशी त्यांची मागणी होती. न्यूयॉर्कची बांधकामे ज्यांच्या मुठीत होती ते रॉबर्ट मोझेस म्हणाले, तिथे नाही, फ्लशिंगला घ्या. ते ब्रुकलिनच्या बाहेर, क्वीन्समध्ये. ओमॅली म्हणाले, ब्रुकलिन सोडायचेच तर मग फ्लशिंग काय आणि आणखी कुठे काय! दोष कोणाचा, यावर आजही वाद होतात. कोणी ओमॅलींना खलपुरुष म्हणतात, कोणी मोझेसना. मला वाटते, दोघेही आपापल्या हिशेबाने बरोबर होते. फक्त त्या हिशेबात ब्रुकलिनच्या माणसाचा रकाना नव्हता.

२४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला. डॉजर्सनी पिट्सबर्गला २–० हरवले. बघायला फक्त ६,७०२ माणसे होती. सामना संपल्यावर मैदानावरच्या ऑर्गनवादक बाईंनी निरोपाचे जुने गाणे वाजवले. पंधरा दिवसांनी, ८ ऑक्टोबरला, संघ तीन हजार मैलांवरच्या लॉस एंजेलिसला जाणार असे जाहीर झाले. १९६० च्या फेब्रुवारीत मैदान पाडायला सुरुवात झाली. भिंती पाडणारा लोखंडी गोळा बेसबॉलसारखा रंगवला होता. गंमत म्हणून केले असेल. पण पाहणाऱ्यांना काय वाटले असेल? आज त्या जागी राहत्या घरांच्या उंच इमारती आहेत.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर गोष्ट अर्धीच राहील. लॉस एंजेलिसमध्ये या संघाला जागा मिळाली ती चावेझ रवीन नावाच्या टेकड्यांत. तिथे मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या तीन वाड्या होत्या. सरकारी घरे बांधायची म्हणून पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्या लोकांना उठवले. घरांची योजना पुढे रद्द झाली आणि जमीन मैदानाकडे गेली. शेवटच्या कुटुंबांना मे १९५९ मध्ये पोलिसांनी उचलून बाहेर काढले, तर एका बाईला हातापायांना धरून. १९६२ साली तिथे देखणे मैदान उभे राहिले. एका गावाचा संघ गेला आणि दुसऱ्या गावातल्या काही माणसांचे गावच गेले.

आणि तरीही लोकांनी त्या संघाला आपले केले. ७ मे १९५९ च्या रात्रीचा प्रसंग पाहा. डॉजर्सचा लाडका कॅचर रॉय कॅम्पानेला, तीन वेळा लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरलेला. जानेवारी १९५८ मध्ये मोटार उलटून त्याचे शरीर मानेखाली लुळे पडले. लॉस एंजेलिससाठी तो एकही सामना खेळू शकला नाही. तरी त्याच्या मदतीसाठी भरवलेल्या सामन्याला ९३,१०३ माणसे आली. मध्येच मैदानावरचे दिवे मालवले गेले. पी वी रीसने चाकाच्या खुर्चीतून त्याला मध्यभागी आणले, आणि त्या अंधारात हजारो लोकांनी काड्या पेटवून धरल्या. ज्याला त्यांनी आपल्या गावात खेळताना कधी पाहिलेच नव्हते, त्याच्यासाठी!

पुढचे प्रसंग भराभर सांगतो. ब्रुकलिनमध्येच जन्मलेला पिचर सँडी कौफॅक्स हा ज्यू. १९६५ च्या वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना ज्यूंच्या सर्वांत पवित्र उपवासाच्या दिवशी आला, म्हणून तो खेळला नाही. संघ तो सामना हरला. पण सातव्या सामन्यात अवघ्या दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर त्याने २–० असा विजय मिळवून दिला. १९८१ साली मेक्सिकोतल्या एका खेड्यातून आलेला वीस वर्षांचा फर्नांडो व्हॅलेन्झुएला पहिले आठ सामने सलग जिंकला. तेव्हा ज्या मेक्सिकन लोकांनी चावेझ रवीनच्या रागाने या मैदानात पाऊल टाकले नव्हते, त्यांतले पुष्कळजण मुलाबाळांना घेऊन तिथे आले. १९८८ साली दोन्ही पाय दुखावलेला कर्क गिब्सन लंगडत आला आणि शेवटच्या पाळीत होम रन मारून त्याने सामना जिंकला. २०२४ साली तर जुन्या वैऱ्यांना, यांकीजना, न्यूयॉर्कात जाऊन हरवले.

या सगळ्यांत एक आवाज कायम होता. विन स्कली १९५० साली ब्रुकलिनमध्ये समालोचनाला बसला, तो २०१६ पर्यंत, सदुसष्ट हंगाम. लॉस एंजेलिसचे पहिले मैदान इतके अवाढव्य होते की मागच्या लोकांना चेंडू दिसत नसे. म्हणून ते सामन्यालाच ट्रान्झिस्टर घेऊन येत आणि डोळ्यांपुढचा खेळ कानांनी पाहत. नव्या गावात संघाचे बस्तान बसले ते खेळाइतकेच या आवाजामुळे, असे मी म्हटले तर रेडिओची तरफदारी केली असे कोणी म्हणू नये.

मग त्या विद्यार्थ्याला काय उत्तर द्यायचे? संघ कोणाचा? कागदोपत्री मालकाचा, यात शंका नाही. नाव, गणवेश, करारपत्रे हे सारे त्याला उचलून नेता येते. ओमॅलींनी नेलेही. पण ओवेनच्या हातून निसटलेला चेंडू, रॉबिन्सनचा तो पहिला दिवस, आमोरोसचा लांबवलेला हात, हे काही सामानाच्या गाडीत चढले नाही. १९६२ साली न्यूयॉर्कला मेट्स नावाचा नवा संघ मिळाला. त्याने डॉजर्सचा निळा रंग घेतला आणि जायंट्सचा नारिंगी. तो संघ १९६४ पासून फ्लशिंगलाच खेळू लागला, म्हणजे मोझेसनी दाखवलेल्या त्याच भागात! २००९ साली त्यांनी नवे मैदान बांधले, तेव्हा त्याचे दर्शनी रूप एबेट्स फील्डसारखे केले आणि आतल्या दालनाला जॅकी रॉबिन्सनचे नाव दिले. रॉबिन्सनचा ४२ हा आकडा १९९७ साली सगळ्याच संघांनी निवृत्त केला. आता दर वर्षी १५ एप्रिलला मात्र प्रत्येक संघाचा प्रत्येक खेळाडू त्या एका दिवसापुरता तोच आकडा पाठीवर घालतो.

मी त्या मुलाला एवढेच म्हटले, की बाबा रे, संघ मालकाचा असतो, पण वाट पाहिलेली वर्षे ज्यांची त्यांचीच असतात. ब्रुकलिनने चाळीस वर्षे वाट पाहिली आणि दोन वर्षे सुख भोगले. तोटा झाला म्हणावे तर झाला. त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे सर, मुंबईकरांनी काय करायचे, ते तुम्ही सांगितलेच नाही."

खरे आहे त्याचे. पुढच्या वर्षी बघू!